सहलीची लाज कशाला?
(इटलीच्या आपल्या प्रवासवर्णनांविषयी)

आपल्या धर्मग्रामांच्या सणाच्या स्मरणिका, सुवर्णमहोत्सवी अंक आणि युवक मंडळांची वार्षिके यांतून गेल्या काही वर्षांत एक लेखनप्रकार चांगलाच रुजला आहे. तो म्हणजे इटलीचे प्रवासवर्णन. रोम, असिसी, पादुआ, व्हेनिस, पिसा या क्रमात फार तर एखादे गाव मागेपुढे होते. २४ डिसेंबर २०२४ रोजी संत पेत्राच्या महामंदिराचे पवित्र दार उघडले आणि ६ जानेवारी २०२६ रोजी ते बंद झाले. या ज्युबिली वर्षात असे लेखन वाढावे, हे स्वाभाविकच होते. अशी बरीच वर्णने आम्ही श्रीवर्धनला बसून वाचली. कोणा एका लेखकाचे वा लेखिकेचे नाव घेऊन दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. ही मंडळी व्यवसायाने लेखक नव्हेत. भविष्य निर्वाह निधीतून किंवा मुलांनी परदेशातून पाठविलेल्या पैशांतून आयुष्यात एकदाच ती जातात आणि परतल्यावर चार पाने लिहितात. पण त्या एकाच प्रवासाचे जे लिहिले जाईल तेच पुढे नातवंडांच्या हाती उरणार आहे. म्हणूनच या चार पानांकडे साहित्य म्हणून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या वर्णनांचा पहिला दोष त्यांच्या मथळ्यातच असतो. मथळा 'यात्रे'चा असतो आणि आत असते सहल. सहल असायला आमची काडीचीही हरकत नाही. हरकत आहे ती सहलीची लाज वाटण्याला. व्हेनिसच्या कालव्यात होडीत बसून लेखिकेला लहान मुलीसारखा आनंद झालेला असतो, हे तिच्या एका वाक्यावरून आपल्याला कळते. पण लगेच पुढच्या वाक्यात ती संत मार्काच्या महामंदिरात जाते आणि 'धन्य झालो' असे लिहून मोकळी होते. होडीचे काय झाले, नाविक काय म्हणाला, पाण्याला वास कसला येत होता, हे सगळे त्या धन्यतेखाली बुडते. बरे, धन्यतेचे तरी वर्णन वाचायला मिळावे, तर तिथे 'शब्द अपुरे पडतात'. शब्द अपुरे पडतात हे दर दोन परिच्छेदांनी सांगण्यासाठी मात्र शब्द कधी अपुरे पडत नाहीत! परिणामी यात्राही हाती लागत नाही आणि सहलही निसटते.

श्रीवर्धनचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. हे गाव आता स्वतःच सहलीचे ठिकाण झाले आहे. शुक्रवारी रात्री माणगाव-म्हसळ्याच्या वाटेने मुंबई-पुण्याच्या गाड्या उतरू लागतात. शनिवारी किनारा, पेशवे स्मारकापुढे छायाचित्र, रविवारी हरिहरेश्वर नाहीतर दिवेआगर आणि संध्याकाळी परत. पाहुणे चांगले असतात, पैसे देतात, त्यांच्यावर इथली कित्येक घरे चालतात. पण त्यांनी काय पाहिले? जीवना बंदरात पहाटे उतरणारी मासळी फार थोड्यांनी पाहिलेली असते. ताजी सुरमई पुढे असताना पनीर मागणारे पाहुणे खाणावळवाल्यांनी हसून खपवून घेतले आहेत. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. श्रीवर्धनचा रोठा ही इथल्या सुपारीची ओळख, आणि पोफळ लावल्यापासून फळ धरेपर्यंत वर्षे जातात. टाळेबंदी उठल्यावर पाहुणे परत आले, किनारा होता तसाच सुंदर होता, आणि रस्त्याच्या कडेच्या मोडक्या वाड्यांमधून गाड्या पुढे गेल्या. पाहुणा काय पाहतो आणि काय पाहत नाही, हे यजमानाइतके कोणाला कळत नाही. इटलीची वर्णने वाचताना आमच्या डोळ्यांसमोर सतत हे येत राहिले. तिकडे आपण पाहुणे असतो. पादुआचा खाणावळवाला आपल्याला कोणत्या नजरेने पाहत असेल?

आता उलट दिशेचा प्रवास पाहू. इटलीचे लोक आपल्या या किनाऱ्यावर पूर्वीपासून येत आले आहेत. बोलोन्याचा लुदोविको दी वार्थेमा सोळाव्या शतकाच्या आरंभी चौल आणि दाभोळ पाहून गेला आणि त्याचे प्रवासवर्णन १५१० मध्ये रोममध्ये छापले गेले. जुन्या युरोपीय प्रवाशांच्या लेखनात श्रीवर्धनचे नाव 'झिफर्दान' असे येते. अहमदनगरच्या व पुढे विजापूरच्या अमलात हे बऱ्यापैकी महत्त्वाचे बंदर होते. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा माणूस आहे तो रोमचा पिएत्रो देल्ला वाल्ले. १६१४ साली तो व्हेनिसहून निघाला आणि १६२६ मध्ये रोमला परतला. प्रेमभंग झाल्यावर यात्रेला जाण्याचा त्याने निश्चय केला, यात्रेकरूचा वेश घेतला आणि पुढे आयुष्यभर स्वतःला 'यात्रेकरू' हेच बिरुद लावले. १६१६ चा पुनरुत्थानाचा सण त्याने जेरुसलेममध्ये साजरा केला. यात्रा खरे म्हणजे तिथे संपायला हवी होती. तो मात्र पुढे बगदादला गेला, तिथे सित्ती मआनी नावाच्या ख्रिस्ती तरुणीशी त्याने लग्न केले, आणि इराणात ती वारली तेव्हा तिचा देह औषधीद्रव्यांत जतन करून पेटीत घालून त्याने बरोबर घेतला. ती पेटी घेऊनच तो हिंदुस्थानात उतरला. १६२३ मध्ये सुरतेच्या बाजूने चौल करून तो समुद्रमार्गे गोव्याला गेला, म्हणजे श्रीवर्धनच्या समोरूनच त्याचे जहाज गेले असले पाहिजे.

या माणसाची पत्रे वाचताना आम्हांस वाटते की, यात्रेकरूने आनंद कसा घ्यावा याचा हा वस्तुपाठच आहे. नेपल्समधल्या मारियो स्किपानो या आपल्या वैद्य मित्राला त्याने ती लिहिली. कर्नाटकात इक्केरीच्या बाजूला गेल्यावर एका देवळाच्या ओसरीत चार मुले अंकगणित शिकताना त्याने पाहिली. जमिनीवर बारीक वाळू पसरून ती बोटाने आकडे काढीत होती आणि धडा सुरात म्हणत होती. तो थांबला, त्यांच्याशी बोलला, ही रीत काय ती समजून घेतली आणि मित्राला सविस्तर कळविली. आपल्या आज्या-पणज्यांना परिचित असलेली धूळपाटी इटलीतल्या वाचकाला अशी एका सहृदय पाहुण्यामुळे दिसली. तो देवळांची लांबी-रुंदी पावलांनी मोजतो, लोक काय खातात ते विचारतो, कपड्यांचे रंग टिपतो. त्याच्या मनात त्या काळाचे पूर्वग्रह भरपूर होते आणि परधर्माविषयी तो पुष्कळदा कठोर लिहितो, हेही सांगितले पाहिजे. पण पूर्वग्रह असूनही त्याचे डोळे उघडे होते. आपल्या लेखकांजवळ पूर्वग्रह पुष्कळच कमी आहेत. डोळे मात्र बसच्या घड्याळावर असतात. पत्नीची पेटी अखेर त्याने रोमला नेली आणि कापितोल टेकडीवरच्या आराचेली येथील पवित्र मरियेच्या मंदिरात तिला चिरविश्रांती दिली. हे मंदिर रोमला जाणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेवरच आहे. त्याच्या लांबलचक पायऱ्यांखालून आपल्या किती कुटुंबांची बस गेली असेल! चौलचा किनारा पाहिलेली एक पेटी त्या पायऱ्यांवर पोहोचली, हे ठाऊक असते तर कोकणातला माणूस क्षणभर तरी थांबला असता.

पादुआचे उदाहरण जरा विस्ताराने घेतो, कारण संत अंतोन हा आपल्या घरोघरचा संत. १३ जूनला, पावसाच्या तोंडावर, त्याचा सण येतो. हरवलेल्या किल्लीपासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळे आपण त्याच्या कानी घालतो. साहजिकच पादुआला त्याच्या कबरीवर हात ठेवून प्रार्थना करणे हा आपल्या प्रवासाचा परमोच्च क्षण असतो, आणि तसा तो असावाच. पण त्याच गावात, पायी जाण्याच्या अंतरावर, स्क्रोवेन्यी घराण्याचे एक छोटे प्रार्थनामंदिर आहे, आणि आम्ही वाचलेल्या वर्णनांपैकी एकातही त्याचे नाव नव्हते. एन्रिको स्क्रोवेन्यी या धनिकाने ते बांधले. त्याचा बाप सावकार होता आणि कवी दान्तेने या बापाला आपल्या काव्यात नरकातल्या व्याजखोरांत बसविले आहे. १३०५ मध्ये पवित्रीकरण झालेल्या या मंदिराच्या भिंती जोत्तो या चित्रकाराने रंगविल्या. वर निळ्या छतावर तारे आहेत. एका भिंतीवर योआकिम आणि अन्ना, म्हणजे पवित्र मरियेचे आईवडील, यांची कथा आहे. ही कथा शुभवर्तमानात नाही, जुन्या परंपरेतली आहे. मूल नाही म्हणून योआकिमाला मंदिरातून हाकलले जाते, तो खाली मान घालून मेंढपाळांत जाऊन राहतो, आणि शेवटी नगराच्या दाराशी म्हातारा नवरा आणि म्हातारी बायको एकमेकांना भेटतात. जोत्तोने त्यांचे चेहरे इतके जवळ आणले आहेत की, दोन चेहऱ्यांचा एकच चेहरा झाल्यासारखा वाटतो. आपल्या किती घरांत मूल नसल्याचे दुःख मुकाट्याने सोसले गेले आहे! २६ जुलैला या जोडप्याचा सण आपण आजी-आजोबांचा म्हणून साजरा करतो, त्याआधीचे त्यांचे रिकामे घर मात्र विसरतो. पुढे ख्रिस्ताचा देह क्रुसावरून उतरविल्यानंतरच्या चित्रात दोन व्यक्ती आपल्याकडे पाठ करून बसलेल्या आहेत. त्यांचे तोंड दिसत नाही. तरीही शोक त्यांच्या पाठीवर दिसतो. कोकणातल्या घरात मयताच्या वेळी बायका अशाच बसतात.

या मंदिरात शिरण्याआधी पंधरा मिनिटे एका काचेच्या खोलीत बसावे लागते, आतली हवा बिघडू नये म्हणून. मग आत पंधरा मिनिटे मिळतात. म्हणजे सगळा खर्च अर्ध्या तासाचा. हा अर्धा तास आपल्या सहलीच्या वेळापत्रकात बसत नाही, पण त्याच सहलीत पिसाला मनोऱ्याला हात देऊन सावरल्याचे छायाचित्र काढण्यासाठी तासभर थांबता येते. बरे, तो मनोरा कसला? तो पिसाच्या महामंदिराचा घंटाघराचा मनोरा आहे. ११७३ मध्ये त्याचे काम सुरू झाले. बाजूला महामंदिर आहे, समोर बाप्तिस्म्याची स्वतंत्र वास्तू आहे, आणि तिथेच १५६४ मध्ये बाळ गॅलिलिओचा बाप्तिस्मा झाला. घंटा ऐकून प्रार्थना म्हणणाऱ्या समाजाने घंटाघरापुढे उभे राहून फक्त त्याचा कल मोजावा, ही गंमतच म्हणायची.

आनंद घेणे आणि भक्ती करणे यांत फारकत केल्याचा हा परिणाम आहे, असे आमचे मत आहे. भक्तीला चित्र चालत नाही आणि मौजेला मंदिर चालत नाही, असे आपण मनाशी ठरवून टाकले आहे. रोममध्ये संत लुईच्या फ्रेंच मंदिरात काराव्हाज्जोचे 'संत मत्तयाचे पाचारण' हे चित्र आहे. पोप फ्रान्सिस पोप होण्यापूर्वी रोमला येत तेव्हा जवळच उतरत आणि या चित्रापुढे जाऊन उभे राहत, असे त्यांनीच २०१३ मध्ये सांगितले होते. एका काळोख्या खोलीत जकातदार पैसे मोजीत बसले आहेत. उजवीकडून येशू हात पुढे करतो, आणि त्याच बाजूने, त्याच्या डोक्यावरून, उजेड आत येतो. मेजाशी बसलेला दाढीवाला बोट दाखवून जणू विचारतो आहे, कोण, मी? की ते बोट त्याच्या पलीकडे, मान खाली घालून नाणी मोजण्यात गढलेल्या तरुणाकडे आहे? यातला मत्तय कोण, यावर जाणकारांत आजही मतभेद आहेत. आम्हांस दुसरा पर्याय अधिक भावतो, कारण अजून ज्याने मान वर केलेली नाही त्याला हाक मारली गेली आहे, यात अधिक नाट्य आहे. वाचकांचे मत वेगळे असू शकेल. आणि ते वेगळे असावे, त्यावर घरी परतल्यावर जेवताना वाद व्हावा, हीच तर सहलीची मजा! चित्र पाहण्याचा निखळ आनंद आणि बोलावल्या जाण्याचा थरार इथे एकाच वेळी मिळतो. यातले यात्रेचे किती आणि सहलीचे किती, हे कोणी वेगळे करून दाखवावे.

मराठीत इटलीविषयी लिहिलेच गेले नाही असे नाही. १९६० मध्ये 'अपूर्वाई' पुस्तकरूपाने आल्यापासून परदेशात गेलेल्या मराठी माणसाला स्वतःवर हसता येऊ लागले, हे पु. ल. देशपांडे यांचे उपकार आहेत. मीना प्रभू यांनी 'रोमराज्य' या नावाने इटलीवर दोन भाग लिहिले. लंडनमध्ये डॉक्टरी केलेल्या आणि स्वतःच आखणी करून फिरणाऱ्या या लेखिकेचे २०२५ मध्ये निधन झाले. एका देशाला एवढी पाने देण्याची ऐपत आणि चिकाटी मराठीत फार थोड्यांनी दाखविली आहे, आणि इटलीला निघालेल्या प्रत्येक कुटुंबाने ते दोन भाग आधी वाचावेत अशी आमची शिफारस आहे. मात्र वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्याला जी इटली दिसते ती त्यांच्याकडून मागणे अन्यायाचे होईल. ती आपणच लिहायची आहे. परक्या भाषेतल्या मिस्सात कोणत्या क्षणी काय चालले आहे हे आपल्याला शब्द न कळताही समजते, आणि शेजारी उभी असलेली इटालियन आजी शांतिदानाच्या वेळी आपला हात हातात घेते. हा अनुभव दुसरा कोणता मराठी लेखक सांगणार? आमच्या वाचनात आलेल्या वर्णनांत तो एकदाच आला, तोही कंसात.

आपल्या परंपरेत यासाठी एक थोर उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्रज. १५७५ मध्ये रोमला येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ मध्ये गोव्याला आले. रोमचे वैभव डोळ्यांनी पाहिलेल्या या माणसाने १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले, तेव्हा मराठीची थोरवी गाण्यासाठी उपमा शोधल्या त्या इथल्या फुलांत आणि रत्नांत. जिथे गेले तिथल्या मातीकडे त्यांनी पाहिले. आपण रोमला जातो आणि तिथूनही 'स्वर्गीय', 'अप्रतिम', 'डोळ्यांचे पारणे फिटले' एवढेच आणतो, जे घरबसल्याही लिहिता आले असते.

जेवणाचा मुद्दा थोडक्यात उरकतो. सहल-कंपन्या आता तिकडेही वरण-भात देतात आणि वयस्कर मंडळींना त्याची गरज असते, हे मान्य. पण आठ दिवसांत एकदा तरी उभ्याने कॉफी प्यावी. बसून प्यायली तर तीच कॉफी महाग पडते, हे कळायलाही तिथे जावेच लागते. रोमच्या त्रेव्ही कारंज्यात पाठमोरे उभे राहून नाणे टाकल्याचे सगळे लिहितात. ती नाणी गोळा होऊन 'कॅरितास' या आपल्याच ख्रिस्तसभेच्या संस्थेमार्फत गरिबांसाठी खर्च होतात, हे कोणी लिहीत नाही. व्हेनिसने २०२४ पासून गर्दीच्या ठराविक दिवशी मुक्काम न करता येणाऱ्यांवर प्रवेशशुल्क लावले, त्याबद्दल मात्र सगळ्यांची तक्रार असते. शनिवार-रविवारचा श्रीवर्धनचा किनारा आणि सोमवारी तिथे उरलेला कचरा ज्याने पाहिला आहे, त्याला व्हेनिसकरांचे म्हणणे समजावून सांगावे लागणार नाही.

असिसीची हकिकत तर आम्हांस फार जवळची वाटते. २६ सप्टेंबर १९९७ रोजी भूकंपाने संत फ्रान्सिसच्या वरच्या मंदिराच्या छताचा काही भाग कोसळला. आधीच्या धक्क्याने झालेले नुकसान पाहण्यासाठी आत गेलेले चौघे, दोन फ्रान्सिस्कन बंधू आणि दोन तंत्रज्ञ, त्याखाली सापडून मरण पावले. शतकांपूर्वीची भित्तिचित्रे चुरा होऊन जमिनीवर पडली. तो चुरा गोळा करून, तुकड्याला तुकडा जुळवीत, माणसे वर्षानुवर्षे बसली. १९९९ च्या अखेरीस मंदिर पुन्हा उघडले, तरी काही चित्रांची जुळणी त्यानंतरही चालूच होती. आज वर पाहिले तर मधेमधे फिकट, रिकाम्या जागा दिसतात. जे मिळाले नाही ते खोटे रंगवून भरायचे नाही, असा तिथला दंडक. आमच्या वाचनातल्या एका वर्णनात या फिकट जागांना 'रंग उडालेला' असे म्हटले आहे. वाडीत नवी रोपे लागली आहेत, जुन्या पोफळींच्या जागा अजून मोकळ्या आहेत. तिथून जाणारा पाहुणा 'झाडे विरळ आहेत' असे म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

आणखी एका चित्राचा उल्लेख राहिला. ते आपल्या बहुतेक घरांत जेवणाच्या मेजावर टांगलेले असते. लिओनार्दोचे 'अंतिम भोजन' मिलानमध्ये आहे, आणि सहलीत मिलान असले तरी आधी तिकीट काढलेले नसल्यामुळे पुष्कळांचे ते पाहायचे राहते. ज्यांना पाहायला मिळते त्यांनाही पंधराच मिनिटे मिळतात. पंधराव्या शतकाच्या शेवटी ते डॉमिनिकन मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर रंगविले गेले, म्हणजे तिथे मठवासी रोज त्याच्यासमोर बसून जेवत. ऑगस्ट १९४३ मध्ये बॉम्ब पडून भोजनगृहाची बाजूची भिंत आणि छत कोसळले, ही भिंत तेवढी उभी राहिली. त्याआधी १६५२ मध्ये मठवासीयांनीच त्या भिंतीत दार काढले आणि चित्रातले प्रभू येशूचे पाय त्या दारात गेले. ते आजही नाहीत. आपल्या घरातल्या तसबिरीत ते आहेत की नाहीत, हे वाचकांनी आज जेवायला बसताना पाहावे. छापणाऱ्याने कोणत्या नकलेवरून ती तसबीर छापली, तेही त्यावरून थोडेसे कळते.